दाराला ठेवायची फट

७ सप्टेंबर, रविवार

ही वही ग्रेगरीची, माझ्या नवऱ्याची. पुढच्या पानांवर त्याच्या हातची दारांची, खिडक्यांची मापं आहेत, म्हणून मी मागून सुरुवात करतेय. मला वाचायची सवय आहे, लिहायची नाही. पण आज जे झालं ते कुणाला तरी सांगायला हवं, आणि ज्याला सांगत होते तो चौदा महिन्यांपूर्वी गेला.

चर्चमधून, मिस्साहून आल्यावर ॲरॉननं टीव्ही बंद केला आणि मला समोर बसवलं. त्याला कॅनडात नोकरी मिळाली आहे. तो, सून ग्रेसी आणि नात मरिसा नोव्हेंबरअखेर जाणार. माझा इथला, आखातातला, व्हिसा मुलाच्या नावावर आहे. तो गेला की माझंही इथलं खलास. मी त्याआधी वसईला जायचं, सांडोरला, नणंदेकडे. "सेटल झालो की तुला बोलावतो, ममा. वर्ष-दीड वर्ष, इन्शाल्ला."

मी विचारलं, "आणि पपा?"

तो ग्रेसीकडे बघायला लागला.

ग्रेगरी जेबेल अलीच्या दफनभूमीत आहे. मी त्याला इथे सोडून जाणार नाही. दोन महिने आहेत. अस्थी काढायच्या आणि सांडोरला न्यायच्या. आमच्याकडे तसंच करतात. चार-पाच वर्षांनी खड्डा उघडतात, अस्थी धुऊन दफनभूमीच्या भिंतीतल्या कुटुंबाच्या कोनाड्यात ठेवतात. सासूबाईंच्या अस्थी मी स्वतः धुतल्या आहेत. इथे थोडं लवकर करावं लागेल, एवढंच. म्हणून तर त्याला इथे पुरायला मी हो म्हटलं होतं. कबरीवर नावाचा दगडही कोरून घेतला नाही. थोड्या दिवसांच्या मुक्कामाला कुणी दारावर पाटी लावतं का?

स्वयंपाकघराचं दार पुन्हा चौकटीत अडकायला लागलं आहे. खांद्यानं ढकलावं लागतं.

११ सप्टेंबर, गुरुवार

मरिसाला शाळेत प्रोजेक्ट मिळाला आहे. जगातल्या एका धर्माचा उगम आणि मुख्य विचार. चिठ्ठी उचलली, तिच्या वाट्याला ताओ आला. ती पंधरा वर्षांची आहे आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते. तिनं इंटरनेटवरून सत्तावीस पानं छापून आणली आणि सोफ्यावर टाकून झोपली. ती पानं मी वाचली.

मी सातवीपर्यंत शिकले. इंग्रजी इथे आल्यावर शिकले, आधी डब्यांवरची लेबलं वाचून, मग ग्रेगरी वर्कशॉपमधून आणायचा त्या जुन्या वर्तमानपत्रांतून. हळू वाचते, पण सोडत नाही.

अडीच हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये एक म्हातारा राजाचं दप्तर सांभाळायचा. त्याचं नाव म्हणून जे सांगतात त्याचाही अर्थ म्हातारा गुरू असाच. असा एकच माणूस झाला की बऱ्याच जणांचं बोलणं त्याच्या नावावर जमा झालं, हे अभ्यास केलेल्यांनाही नक्की माहीत नाही. राज्य सडत चाललं होतं, आपसांत लढाया. दुसरे गुरू सांगत होते, नियम पाळा, विधी पाळा, मग सगळं ठीक होईल. म्हाताऱ्याला ते पटेना. तो म्हशीवर बसला आणि पश्चिमेकडे निघाला, देश सोडून. घाटातल्या वेशीवर चौकीदारानं त्याला अडवलं. म्हणाला, जायचं तर जा, पण तुला जे कळलं ते लिहून ठेवून जा. म्हाताऱ्यानं थोडक्यात लिहिलं, चौकीदाराच्या हातात दिलं आणि वेशीबाहेर गेला. पुढे त्याचं काय झालं कुणाला माहीत नाही.

मरिसा उठल्यावर मी विचारलं, "त्यानं बरोबर काय नेलं?"

"आजी, दॅट्स नॉट द पॉइंट."

मला तोच पॉइंट वाटला. माणूस कायमचा देश सोडतो आणि एक बोचकंही नाही?

१६ सप्टेंबर, मंगळवार

कॉन्सुलेटमध्ये गेले. खिडकीवरची मुलगी चांगली होती. आई म्हणाली मला. माणूस गेल्यावर लगेच भारतात न्यायचं असेल तर त्याचे कागद ठरलेले आहेत. पण एकदा पुरल्यावर?

"यहाँ वैसा सिस्टम नहीं है, माँजी. जहाँ रखा, वहीं रहते हैं."

मी तिला आमच्याकडची पद्धत सांगितली. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, चर्चची परवानगी, इथल्या सरकारची परवानगी, घरच्यांच्या सह्या, नंतर आमच्याकडे या. असं कुणी केलंय का, विचारलं तर म्हणाली मला माहीत नाही.

म्हणजे चौदा महिने मी एका चुकीच्या समजुतीवर शांत झोपले. सगळं जग सांडोर आहे असं धरून चालले होते.

पण ती नाही म्हणाली नाही. कागद म्हणाली. कागद मी करीन.

२१ सप्टेंबर, रविवार

ॲरॉन दर रविवारी सकाळी साडेसहाला गाडी धुवायला जातो आणि नऊला येतो. गाडी जाताना असते त्याहून मळकी होऊन येते. आज मी बोट फिरवून दाखवलं. म्हणाला, "रांग होती, ममा." रांगेत उभं राहून कुणी धूळ विकत आणतं का? याला कुणीही फसवतं. बापाला कुणी फसवू शकलं नव्हतं.

त्यानंतर मिस्साला आला, पण मी जेबेल अलीला जाऊ या म्हटल्यावर नेहमीसारखं, काम आहे. गेलं वर्षभर हेच. पुरलं त्या दिवसानंतर माझ्याबरोबर एकदाही आला नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

दार आज पूर्णच अडकलं. मी आत, रस्सा गॅसवर, बाहेर मरिसा ओरडतेय, "पुश, आजी, पुश." ढकलून ढकलून खांदा सुजला तेव्हा उघडलं.

मग तिनं मला तिची स्लाइड दाखवली. वू वेई. "आजी, इट लिटरली मीन्स डोंट फोर्स इट."

"म्हणजे बसून राहायचं? मग आत जेवण कोण करणार?"

"नॉट डूइंग नथिंग. डूइंग विदाउट फोर्सिंग." तिलाही नीट सांगता येईना. उदाहरण पाण्याचं देते. पाणी मऊ असतं, खालची जागा धरतं, अडलं तर वळसा घेतं, आणि शेवटी खडकही झिजवतं. ताओ म्हणजे वाट, पण कुठल्या गावाची नव्हे. सगळं ज्यातून येतं आणि जसं आपसूक चालतं ती. तिला नाव देता येत नाही, दिलं तर ते तिचं नाव राहत नाही. हे मी तीनदा वाचलं. कळलं असं म्हणणार नाही. पण बावखलात, आमच्या गावच्या तळ्यात, पाणी कुठून येतं हे लहानपणी आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं. रोज भरायचो.

मी पलंगाखालून ग्रेगरीची पेटी ओढली, रंधा काढला. त्याच्या वहीतलं पुढचं पान उघडलं. चौकटीची मापं, शेजारी दाराची मापं. प्रत्येक दार दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिलिमीटर लहान. एकही दार चौकटीएवढं नाही. त्याचं बोलणं आठवलं. नवीन सुतार घट्ट बसवलेलं दार अभिमानानं दाखवायचे तेव्हा हा म्हणायचा, "ऑगस्टात ये आणि उघडून दाखव. लाकूड फुगतं, बाबा. फट ठेव." दाराचं अर्धं काम फटीचं, असं त्याचं म्हणणं होतं.

दार कुठे घासतं ते बघितलं. वरच्या कोपऱ्यात, एका वितीएवढंच. बाकी दाराचा काही दोष नव्हता. मरिसानं दार धरलं, मी स्टुलावर चढले. चार पातळ साली निघाल्या. आता एका बोटानं उघडतं.

मरिसा म्हणाली, "आजी, दिस इज माय स्लाइड." फोटो काढून घेतला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

फादरना भेटले. आधी कबूल केलं की चिनी लोकांचा धर्म वाचतेय. म्हणाले, "वाचा. ऑक्टोबर आहे, रोझरीच्या प्रार्थनेचा महिना, ती चुकवू नका म्हणजे झालं." मग कबरीचं सांगितलं. ते म्हणाले, अर्ज करा, पुढे पाठवतो, पण आशा लावून बसू नका. अर्जावर माझी सही आणि मुलाची सही लागेल.

सही मिळेल. तेवढं तर करील.

५ ऑक्टोबर, रविवार

नाही केली.

जेवणं झाल्यावर अर्ज पुढे ठेवला. त्यानं वाचला, घडी घालून परत दिला.

"पपांना आता हलवू नकोस, ममा."

"तुला काय फरक पडतो? तू तर जाऊन बसतोस कॅनडात."

"हलवू नकोस, एवढंच सांगतो."

"पुरताना तू म्हणालास नंतर बघू. तुला माहीत होतं इथे उघडत नाहीत."

"माहीत होतं." मान खाली. "तू दोन दिवस पाणीसुद्धा प्यायली नव्हतीस. तेव्हा सांगू तुला?"

"वर्षभर तोंडाला कुलूप होतं?"

ग्रेसी मध्ये पडली, "ममा, यल्ला, चहा घेऊ या." मी म्हटलं चहा नको, सही पाहिजे. जे बोलायला नको ते मग बोलले. म्हणाले, "बापाच्या कबरीवर एक फूल ठेवायला वेळ नाही आणि हलवू नको म्हणतोस. तुझा काय हक्क?"

तो उठला. गाडीची किल्ली उचलली, परत ठेवली आणि आत गेला.

बोलले ते खरं आहे, खोडणार नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

सहीशिवाय काही मार्ग आहे का, चर्चच्या ऑफिसात विचारलं. नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मेट्रोनं गेले, पुढे टॅक्सी. एकटीच. ग्रेगरीला सांगायला की मुलगा अडवतोय.

कबरीभोवती पांढऱ्या खड्यांची चौकट आहे, सरळ, कोपरे नीट जुळवलेले. उन्हाळ्यात पहिल्यांदा बघितली तेव्हा वाटलं इथल्या माणसांनी केली असेल. आज मध्ये ताजी लिलीची फुलं होती, दोनेक दिवसांची. डोक्याच्या बाजूला कोरा दगड, त्यावर नुसता नंबर.

फाटकावर उझैर असतो, पेशावरकडचा, साठीचा असेल. मला दर वेळी पाण्याची बाटली देतो. मी त्याचे आभार मानले, फुलांसाठी आणि खड्यांसाठी.

"मैंने नहीं किया, बहनजी. आपका बेटा करता है."

मी म्हटलं, दुसऱ्या कुणाचा मुलगा असेल.

"सफ़ेद गाड़ी. लंबा, चश्मेवाला. हर इतवार फाटक खुलते ही आता है. साल से ऊपर हो गया. बैठा रहता है नीचे, रेत पर. पहले बहुत रोता था. अब बातें करता है." मग हसून म्हणाला, "एक दिन फुटपट्टी लेकर आया, पत्थर लगाने. मैंने कहा, भाई, मिस्त्री हो? बोला, मेरा बाप था."

मी बाटली उघडायचा प्रयत्न करत होते. उझैरनं घेतली, उघडून दिली.

फाटकाजवळच्या बाकावर किती वेळ बसले कुणास ठाऊक. साडेसहा ते नऊ. चाळीस मिनिटं जायला, चाळीस यायला. गाडीवरची धूळ. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, बोट फिरवून तपासलंसुद्धा होतं. मला वाटत होतं दुःख घरात एकटी मीच करतेय, आणि जागा तर पूर्ण मीच अडवून बसले होते. त्याला रडायला पंचेचाळीस किलोमीटर जावं लागलं.

निघताना उझैरला सांगितलं की आम्ही सगळे जातोय. मी बारा नोव्हेंबरला, मुलगा महिनाअखेर.

तो म्हणाला, "अच्छा. तो जाने से पहले इनके पत्थर पर कुछ लिखवा दो, बहनजी. नंबर से कौन पहचानेगा? कुछ लिख के जाओ."

त्याला म्हाताऱ्याची आणि चौकीदाराची गोष्ट ठाऊक असायचं काही कारण नाही. मी म्हटलं, लिहिते.

टॅक्सीत अर्ज पिशवीतच होता. फाडला नाही. चार घड्या घालून या वहीत, त्याच्या मापांच्या पानात ठेवला आहे.

१८ ऑक्टोबर, शनिवार

रास अल खोरला गेले. ग्रेगरीच्या जुन्या वर्कशॉपच्या मागच्या गल्लीत संगमरवर कापतात. सगळीकडे पांढरी भुकटी, मिस्त्री राजस्थानचा, भुवयांपर्यंत पांढरा. मरिसा बरोबर आली होती.

काय लिहायचं यावर मी चार दिवस घालवले. बायबलमधलं वचन लिहावं, मग वाटलं त्याची आठवण म्हणून दोन ओळी, मग पाच ओळी झाल्या. वाचल्या तर त्यात तो कमी आणि मी जास्त. म्हाताऱ्याच्या विचारांत न तासलेल्या लाकडाचं खूप महत्त्व आहे. ओंडका आहे तसा, त्यात अजून सगळं शिल्लक असतं, जितकं कोराल तितकं त्यातून जातं. ग्रेगरीला हे सांगितलं असतं तर म्हणाला असता, मग मी जेवणार काय? तरी मी ओळी खोडत गेले. राहिलं ते कागदावर दिलं.

ग्रेगरी पास्कू डाबरे
सुतार
सांडोर, वसई

मिस्त्री म्हणाला, "बस? नीचे इतनी जगह खाली है. फूल बना दूँ? फ़रिश्ता?"

"राहू द्या खाली."

"अच्छा नहीं लगेगा, माताजी."

मरिसा मध्येच म्हणाली, मराठीत, "त्यांना तसंच हवंय, भैया." मी तिच्याकडे बघितलं तर ती फोनमध्ये.

ॲरॉनला दगडाचं सांगितलं. कबरीवरचं, फुलांचं, उझैरचं काही विचारलं नाही. जिभेवर दहा वेळा आलं. आजवर मी विचारून विचारूनच माणसांना बोलतं केलं आहे, ग्रेगरीलासुद्धा. पण ती पहाट त्याची आहे. मी खांदा लावला तर तीही अडकेल. दगड येत्या शनिवारी बसेल का, एवढंच त्यानं विचारलं. मग म्हणाला, "लेव्हल नीट बघायला हवी." मी म्हटलं, "तू सांग त्यांना."

अर्जाचं मी काढलं नाही, त्यानंही नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

मरिसाचं प्रेझेंटेशन झालं. काल दुपारी माझ्यासमोर तालीम केली. म्हाताऱ्यानंतर इतरांनी विचार पुढे नेला, काही शतकांनी देवळं आली, पुजारी आले, अमर व्हायची औषधं शोधणारेही आले. इथे मी हसले. नाव देता येत नाही म्हणून सांगणाऱ्याच्या मागे एवढा पसारा. काळ्या-पांढऱ्याचं वर्तुळ दाखवलं, पांढऱ्यात काळा ठिपका, काळ्यात पांढरा. तो पांढरा ठिपका मी बराच वेळ बघत होते. शेवटची स्लाइड आमचं स्वयंपाकघराचं दार. "माय ग्रँडफादर वॉज अ कार्पेंटर. ही नेव्हर रीड धिस." तिथे तिचा आवाज बदलला, मग म्हणाली, उद्या आवाज असा होणार नाही.

आज झाला नाही म्हणे. टीचर म्हणाल्या, प्रोजेक्ट चांगला आहे, दार मात्र साधंच दिसतं.

संध्याकाळी नणंदेचा, इनासचा फोन. "वहिनी, कोनाडा साफ करून घेतला. चुना काढला. दादाची पेटी केवढी असेल? सुताराला माप द्यायचंय."

मी म्हटलं, "दादा येणार नाही, इनास. तो इथेच राहणार."

ती रडली. मग चिडली. चाळीस वर्षं परमुलखात राबला आणि मातीही तिकडचीच? मी ऐकून घेतलं. माझंच दीड महिन्यापूर्वीचं बोलणं ती बोलत होती.

"मग कोनाड्याचं काय करू?"

"मोकळा राहू दे. मी येतेय ना. माझं माप नंतर घ्या, घाई नाही."

ती हसली, नाक ओढत.

२ नोव्हेंबर, रविवार

आज सर्व मृतांचा दिवस. सांडोरला आज कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या असतील.

सकाळी साडेसहाला ॲरॉन किल्ली घेऊन दारात उभा. "गाडी धुऊन आणतो, ममा."

मी चप्पल घालत म्हटलं, "चल, मीही येते."

तो थांबला. मी पिशवी उचलली, त्यात मेणबत्त्या होत्या, त्याला दिसल्या असतील. आमच्या करामा भागातून गाडी मोठ्या रस्त्याला लागली आणि गाडी धुवायची ती जागा मागे गेली. मी बाहेर बघत होते. फुलांसाठी तो एका दुकानाशी थांबला. दुकानदारानं न विचारता लिलीची जुडी बांधली, मग माझ्याकडे बघून आणखी एक.

फाटकावर उझैर म्हणाला, "आज दोनों." एवढंच.

दगड सरळ बसला आहे. ॲरॉननं खिशातून छोटी लेव्हल काढली, ग्रेगरीची, पिवळी. मी ती दोन महिने शोधत होते. दगडावर ठेवली. बुडबुडा मध्ये येऊन थांबला. खालच्या रिकाम्या जागेवरून त्यानं हात फिरवला आणि विचारलं, "इथे काही नको?"

"नको. फट ठेवली."

तो वाळूवर बसला. मला खाली बसायला त्यानं हात दिला. त्यानंतर तो बापाशी बोलला. काय बोलला ते लिहीत नाही, ते त्यांचं आहे. मी माझं मनात बोलले. एवढं लिहिते की बारा तारखेला निघतेय, आणि निघणार म्हणजे निघणार.

नऊला घरी पोचलो. ग्रेसी खिडकीतून खाली बघत होती. गाडी जाताना होती त्याहून मळकी.

"धुतली का?" तिनं विचारलं.

ॲरॉन म्हणाला, "धुतली."

मी म्हटलं, "हो. चांगली धुतली."